मुरूडचा महाल आणि आमचे नऊ खण

वडखळ नाक्यावर रस्ता फुटतो. महामार्ग नागोठणे-कोलाडकडे निघून जातो आणि दुसरी वाट पोयनाडवरून अलिबागला वळते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ही दुसरी वाट धरली. गाडीत आम्ही दोघे, दोन्ही मुले आणि पुढच्या सीटवर फुफी. फुफींचे वय एक्क्याऐंशी. गुडघे चालत नाहीत, पण जबान चालते. "नवाबसाहेबांचा महाल मला एकदा बघायचा आहे, मग काय व्हायचे ते होवो," असे त्या कित्येक वर्षे म्हणत होत्या आणि कित्येक वर्षे आम्ही "पुढच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह" म्हणत होतो. या वेळी टाळता आले नाही. का ते पुढे येईलच.

अलिबाग सोडले, रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई, काशीद, नांदगाव मागे पडले. मुरूड जवळ आले की रस्त्याला एक वळण लागते आणि समोर उंचावर, समुद्राकडे तोंड करून, महाल दिसतो. त्याचे नाव अहमदगंज. जंजिरा संस्थानचे नवाब सिद्दी अहमद खान यांनी तो १८८५ साली, राज्यकारभारासाठी म्हणून बांधला. आवार सुमारे ४५ एकरांचे, आत मशीदही आहे. आजही ती खाजगी मालमत्ता आहे, पर्यटकांना आत जाता येत नाही. आमच्या धाकट्याने तोंड वाकडे केले. फुफी म्हणाल्या, "घर आहे ते. कुणाच्या घरात इजाजतीशिवाय शिरायचे नसते, सूरह नूर शिकवली नाही का तुला कुणी?" मग आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला लावली, थर्मासमधला चहा काढला आणि बाहेरून जेवढे दिसते तेवढे पाहिले. खरे सांगायचे तर एवढे निरखून आम्ही आत गेलो असतो तरी पाहिले नसते.

दुरून पहिल्यांदा नजरेत भरतात ते घुमट. म्हणजे मुघल पद्धत. पण नजर खाली आली की कमानी टोकदार, खिडक्या उंच आणि अरुंद, दगडातली नक्षी. हे सगळे विलायतेतल्या जुन्या गढ्या-चर्चेसवर असते तसे. या शैलीला गॉथिक म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीवर, आणि तरीही विजोड वाटत नाहीत. थोरलीने विचारले, "हे नवाबांना सुचले कुठून?" उत्तर फार दूर नाही, मुंबईत आहे. १८७० ते १८९० या काळात मुंबईत याच शैलीचा हंगाम होता. राजाबाई टॉवर आणि त्याशेजारचा विद्यापीठाचा दीक्षांत सभागृह ज्यांनी रेखाटला ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट लंडनमध्ये बसून नकाशे पाठवत होते, ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. त्याच स्कॉटसाहेबांनी इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये केलहॅम हॉल नावाची एका जमीनदाराची हवेली याच धर्तीवर बांधली होती. बोरीबंदरचे स्टेशन, ज्यावर टोकदार कमानी आणि घुमट एकत्र नांदतात, ते १८७८ साली सुरू होऊन दहाएक वर्षांत पुरे झाले. मुरूडचा महाल उभा राहत होता तेव्हा बोरीबंदरचेही काम चालूच होते. मुंबई ते मुरूड हा समुद्रमार्ग काही तासांचा. जे मुंबईत दिसते ते मुरूडला यायला किती वेळ लागणार?

इंग्रज जमीनदारांच्या या हवेल्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय आमच्या घराची गोष्ट पुरी होत नाही.

शहरापासून लांब, शेकडो एकर जमिनीच्या मध्यभागी, आपल्या खानदानाची शान दाखवायला ही घरे बांधली जात. सुरुवातीला मध्यभागी एक मोठा दालनवजा हॉल असे, जिथे मालक आणि नोकर एकाच छताखाली जेवत. पुढे मालक वर गेले, नोकर खाली आणि मागे गेले. नोकरांचे जिने वेगळे, वाटा वेगळ्या. खालून गरम पाणी आणि कोळसा वर पोहोचायचा, पण नेणारा माणूस पाहुण्यांच्या नजरेस पडता कामा नये, अशी रचना. आपल्याकडच्या जनान्याच्या वाटा आम्हाला आठवल्या. तिकडे नोकर लपवले, इकडे बायका. घर बांधणाऱ्याच्या मनात काय आहे हे दर्शनी भागावरून कळत नाही, मागच्या दरवाजांवरून कळते.

खिडक्यांचेही एक राजकारण होते. काच महाग, म्हणून जास्त काच म्हणजे जास्त श्रीमंती. डर्बीशायरमधला हार्डविक हॉल यासाठीच प्रसिद्ध आहे. तो बांधला एका बाईने. एलिझाबेथ, श्रूजबरीच्या उमरावाची बेगम. चार लग्ने झाली, चारही नवरे वारले, आणि चौथ्यानंतर, १५९० ते १५९७ या काळात, तिने हे घर पुरे केले. वय सत्तरीच्या आसपास. जसजसे मजले वर चढतात तसतशा खिडक्या मोठ्या होतात, कारण मानाची दालने सर्वांत वरच्या मजल्यावर. आणि छताच्या कडेला, मैलभरावरून दिसावीत अशी, दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरे. फुफींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरे केले. आमच्या नावाने तर लाईटबिलही येत नाही." १६९६ साली इंग्लंडच्या सरकारने खिडक्यांवर कर बसवला आणि तो १८५१ पर्यंत चालला. लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. तशा आंधळ्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर आजही दिसतात.

पण आम्हाला सर्वांत गंमत वाटली ती सेझिनकोटची. ग्लॉस्टरशायरमध्ये, थंड हिरव्या टेकड्यांत, ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांनी १८०५ च्या सुमारास एक हवेली बांधून घेतली. नकाशे त्यांचे बंधू सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांचे. या हवेलीच्या माथ्यावर तांब्याचा हिरवट, कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. छपराखाली दगडी छज्जे आहेत, जसे आग्र्याला असतात. इंग्लंडात कडक ऊन पडत नाही, तिथे छज्जा कशाला? पण डोळ्याला आवडले, बांधले. आत मात्र सगळे अस्सल विलायती. पुढे राजा झालेले प्रिन्स रीजंट हे घर १८०७ साली पाहून गेले आणि नंतर ब्रायटनला समुद्रकाठी त्यांच्यासाठी घुमटामिनारांचा तो प्रसिद्ध महाल उभा राहिला. म्हणजे पाहा, एक इंग्रज आपल्या गावी मुघल घुमट नेतो आणि ऐंशी वर्षांनी एक सिद्दी नवाब आपल्या गावी विलायती कमान आणतो. कुणी कुणाची नक्कल केली?

आणि ती कमान तरी मुळात कुणाची? युरोपातल्या गॉथिक इमारतींची सुरुवात साधारण ११४० च्या दशकात, पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या चर्चपासून मोजतात. कैरोची इब्न तुलून मशीद ८७९ साली पुरी झाली आणि तिच्या अंगणाभोवती रांगेने टोकदार कमानी आहेत. लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारे क्रिस्टोफर रेन यांचे स्वतःचे म्हणणे होते की गॉथिकला खरे तर 'सारसेन' म्हणजे अरबांची शैली म्हटले पाहिजे. तज्ज्ञांत यावर आजही वाद आहेत, आणि आम्ही शाळामास्तर त्यात पडणार नाही. मात्र टोकदार कमानीचा फायदा कोणताही गवंडी सांगेल. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली असते. दोन खांबांतले अंतर वाढले की कमान उंच झालीच. टोकदार कमानीत रुंदी कमीजास्त केली तरी उंची हवी तेवढी ठेवता येते, आणि वरचे वजन बाजूला कमी, खाली जास्त उतरते. भिंत फाकत नाही.

हे आम्हाला ठाऊक असायचे कारण आमच्या घरी अशा तीन कमानी आहेत.

आमचे आजोबा इंग्रजांच्या आगबोटीवर होते. बंदराबंदरांतून फिरले, थोडा पैसा बांधला आणि १९३८ साली वडखळला घर घातले. घर तसे आपल्या कोकणातल्या चार घरांसारखेच. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, सागवानी खांब, मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे पडवी, मध्ये माजघर, परसात विहीर. लांबीला नऊ खण. पण ओटीच्या पुढे आजोबांनी एक पोर्च काढला, टांगा आत येऊन उभा राहील एवढा, आणि त्याला तीन टोकदार कमानी घातल्या. मुरूडला एका नातलगाच्या निकाहला गेले असताना त्यांनी नवाबसाहेबांचा महाल रस्त्यावरून पाहिला होता. आमच्यासारखाच, बाहेरून. परत येऊन गवंड्याला वाळूत काठीने कमान काढून दाखवली. जांभा मऊ, त्यात कोरीव नक्षी टिकत नाही, म्हणून वरून चुन्याचा गिलावा केला. माजघराच्या दाराच्या वर रंगीत काचा बसवल्या, लाल, निळ्या, पिवळ्या. सकाळी नऊच्या सुमारास त्यांचे तुकडे जमिनीवर पडतात. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने रांगताना ते पकडायचा प्रयत्न केला आहे.

पोर्च हा खरे तर विलायती थंडीपावसातला प्रकार, गाडीतून उतरताना साहेबाच्या बायकोचा झगा भिजू नये म्हणून. कोकणातल्या पावसाला तो पुरा पडत नाही, पाऊस इथे आडवा येतो. दरवर्षी मे महिन्यात पोर्चला झडपा बांधाव्या लागतात. चुना पोपडे धरतो. आजोबांनी हौस केली आणि तीन पिढ्या आम्ही ती हौस शाकारत आलो.

तर अशी हौस टिकते कशी? महालासमोर चहा पिताना आमच्या डोक्यात हेच होते.

इंग्लंडातल्या हवेल्या तीनतीनशे वर्षे अखंड राहिल्या त्याचे कारण दगड नव्हे, वारसाहक्क. बाप गेला की घर, जमीन, सगळे थोरल्या मुलाला. धाकट्यांनी फौजेत जावे, चर्चमध्ये जावे, नाहीतर हिंदुस्थानात येऊन नशीब काढावे. मुलींना हुंडा दिला की झाले. अन्याय उघड आहे, पण घर तुटत नाही. मग १८९४ साली तिथल्या सरकारने मालमत्तेवर मृत्युकर बसवला आणि तो वाढत गेला. १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांवर शेकडा ४०, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडा ८० पर्यंत. त्यात दोन्ही युद्धांत वारस मारले गेले, नोकर मिळेनासे झाले. विसाव्या शतकात हजाराहून अधिक हवेल्या पाडल्या गेल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडलेल्या घरांचे प्रदर्शनच भरले होते. हार्डविक हॉल वाचला तो असा की ड्यूकच्या मृत्यूनंतर कराच्या बदल्यात तो सरकारला दिला गेला आणि १९५९ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. आता तिथे तिकीट काढून कुणीही जातो.

आपल्याकडे उलट. शरीयतने प्रत्येकाचा हिस्सा ठरवून दिला, मुलाला दोन तर मुलीला एक, कुणी रिकाम्या हाताने जायचे नाही. इन्साफ होतो, पण घराचे तुकडे होतात. म्हणून मालदार घराण्यांनी वक्फ-अलल-औलाद काढले, म्हणजे मालमत्ता औलादीसाठी वक्फ करून ठेवायची, विकायची नाही. १८९४ साली, योगायोग पाहा, विलायतेत मृत्युकर आला त्याच वर्षी, प्रिव्ही कौन्सिलने असे वक्फ बेकायदा ठरवले. ते पुन्हा कायदेशीर व्हायला १९१३ चा कायदा यावा लागला. तो जिनासाहेबांनी कौन्सिलात मांडला होता. पण वक्फनामा करायला वकील लागतो, दूरदृष्टी लागते. वडखळच्या आगबोटवाल्याला कोण सांगणार?

आजोबांना चार मुलगे, तीन मुली. आजी आधीच वारल्या होत्या. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. चार मुलग्यांचे दोन-दोन म्हणजे आठ, मुलींचे तीन. एकूण हिस्से अकरा. खण नऊ. हा भागाकार पुरा सुटत नाही, आणि तो सोडवायची वेळ कधी आलीच नाही, कारण तीन बहिणींनी आपले हिस्से मागितलेच नाहीत. "भावाकडून काय मागायचे? माहेर शाबूत राहू दे, ईदला यायला ओटी राहू दे," असे म्हणून गप्प बसल्या. त्यांना कुणी विचारलेही नाही. सातबारावर, घरपट्टीवर फक्त भावांची नावे. आम्ही आजवर अभिमानाने सांगत होतो की आमच्या घरात कधी वाटणी झाली नाही. महालासमोर उभे राहून थोरल्या मुलाच्या हक्काची ही इंग्रजी गोष्ट थोरलीला समजावून सांगताना ती सहज म्हणाली, "म्हणजे आपणही तेच केले ना? फक्त न लिहिता."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहिले. फुफी समुद्राकडे पाहत होत्या.

आता का गेलो ते सांगतो. महामार्ग रुंद झाला, आजूबाजूला कारखाने आले, आणि आमच्या नऊ खणांच्या जागेला भाव आला. एक बिल्डर दोनदा येऊन गेला. चुलतभाऊ मुंब्र्याला, पनवेलला, एक कुवेतला. त्यांना मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा आहे, आणि त्यांचे चूक नाही. घर शाकारतो आम्ही, आठवणी आमच्या, पण हिस्से सगळ्यांचे. पावसाळ्यात सगळ्यांना बसवायचे ठरले होते, ते दिवाळीनंतरवर गेले. सात भावंडांपैकी हयात फक्त फुफी.

महालाच्या वाटेवर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही वाचकांना, विशेषतः आमच्या बहिणींना, सांगावीशी वाटते. नवाब अहमद खान यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान. फैजी घराण्यातल्या. १९०८ साली नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि उर्दूत आपले सफरनामे लिहिले, ते 'सैरे-यूरोप' नावाने लाहोरला छापून आले. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधीच, १९०६ मध्ये, लंडनच्या अध्यापिका विद्यालयात शिकायला गेली होती. तिची तिथली पत्रे लाहोरच्या 'तहजीबे निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात येत, आणि १९२१ साली त्यांचे पुस्तक झाले, 'जमाना-ए-तहसील'. बी.एड.च्या आपल्या पाठांच्या वह्या आठवल्या की आम्हाला या बाईंचा हेवा वाटतो. मौलाना शिबली नोमानीही या बहिणींचे पाहुणे म्हणून जंजिऱ्याला आले होते. फुफींनी हे सगळे आपल्या वालिदांच्या तोंडून ऐकलेले. आगबोटीवरच्या खलाशाला बेगमसाहेबांच्या सफरनाम्याचे कौतुक होते, कारण ती बंदरे त्यानेही पाहिली होती, फक्त वेगळ्या डेकवरून.

परतताना खोकरीला थांबलो. राजपुरीजवळ सिद्द्यांच्या तीन दगडी कबरी आहेत, सिद्दी सुरूल खान, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत खान यांच्या. महालापेक्षा दीडदोनशे वर्षे जुन्या. तिथे गॉथिक नाही, विलायती काही नाही, नुसता घुमट, दगड आणि शांतता. फातिहा पढली. धाकटा म्हणाला, याच्या आत तरी जाता येते.

घरी आल्यावर आम्ही एक काम केले. मोजपट्टी आणि आलेखाचे कागद घेऊन दोन रविवार घराचा नकाशा काढला. थोरलीने मापे घेतली, धाकट्याने पट्टीचे दुसरे टोक धरले. पोर्चच्या कमानीचा फोटो काढला, खांब मोजले, रंगीत काचा मोजल्या. एकवीस, त्यातल्या चार आता साध्या. बैठकीत प्रत्येकासमोर एक प्रत ठेवायची, घर काय आहे ते आधी सगळ्यांनी पाहावे, मग काय ते बोलावे, एवढाच हेतू. आणि नकाशाखाली हिस्सेदारांची यादी लिहिली, अकरा हिश्शांची, तिन्ही बहिणींची नावे त्यांच्या जागी धरून. एका चुलतभावाने फोनवर विचारले, "ही नावे आता कशाला?" आम्ही म्हटले, "बैठकीत बोलू."

नकाशा पहिल्यांदा फुफींना दाखवला. त्यांनी चश्मा पुसला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि माजघराच्या मागच्या भिंतीवर बोट ठेवले.

"इथे दार होते. विहिरीवर जायला, बायकांचे. ते दाखवले नाही तुम्ही."

"फुफी, तिथे तर भिंत आहे. कपाट आहे."

"कपाटाच्या मागे. मी याच खोलीत जन्मले, मला माहीत नाही होय? भाईंनी बुजवले, माझ्या शादीच्या साली."

रात्री आम्ही चौघांनी मिळून कपाट सरकवले. गिलावा एकसारखा दिसत होता. धाकट्याने बोटांनी ठोकून पाहिले, डावीकडून उजवीकडे, वीतभर वीतभर. चिऱ्याचा आवाज भरीव येतो. मध्ये अडीच हातांच्या पट्ट्यात तो बदलला, आणि डोक्याच्या वर, गिलाव्याखाली, टोकदार कमानीची रेघ बोटांना लागली. चौथी कमान. थोरलीने खोडरबर आणले आणि नकाशावरची ती रेघ पुसली. फुफी म्हणाल्या, "बैठक कधी आहे? मलाही यायचे आहे. आणि त्या यादीत माझ्या नावापुढे शादीआधीचे नाव लिहा."

बैठक येत्या जुम्म्याला, असरनंतर.